कांद्याचा पापुद्रा ते रक्ताचा थेंब

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आठवीतली माझी मुलगी विज्ञानाची वही घेऊन बसली होती. धडा होता 'पेशी व पेशीअंगके'. एका पानावर वनस्पती पेशी, दुसऱ्या पानावर प्राणी पेशी. रंगीत पेन्सिलींनी दोन्ही आकृत्या अशा सजवल्या होत्या की जणू दारातली रांगोळीच. पेशीभित्तिका, प्रद्रव्यपटल, केंद्रक, तंतुकणिका, गॉल्जी पिंड, सगळी नावे तोंडपाठ. मी बापाच्या अधिकाराने विचारले, "काय गं, ही चौकोनी आणि ती गोल का?"

"पुस्तकात तशीच आहे," ती म्हणाली. आणि वर तिनेच मला विचारले, "पप्पा, तुम्ही खरी पेशी बघितलीत का कधी?"

बघितली नव्हती. मी बी.कॉम. झालेला माणूस. कारखान्याच्या कचेरीत हजेरीपट आणि पगारपत्रके यांत आयुष्य चाललेले. आमच्या वेळी शाळेत सूक्ष्मदर्शक होते, पण ते काचेच्या कपाटात. कपाटाला कुलूप आणि किल्ली कोणाकडे ते दहावीपर्यंत कळले नाही. आम्ही फळ्यावरची आकृती वहीत उतरवली, वहीतली पेपरात उतरवली आणि विसरून गेलो. आपल्या घरांतील बहुतेक आईबापांची गोष्ट याहून वेगळी नसेल.

लोधिवलीच्या आमच्या विहारात रविवारी मुलांची अभ्यासिका भरते. तिथे हा विषय काढला. एका निवृत्त प्रयोगशाळा सहायकांकडे जुने सूक्ष्मदर्शक पडून होते, ते त्यांनी आनंदाने दिले. खाली आरसा असलेले, खिडकीच्या उजेडावर चालणारे. आता जुलै महिन्यात प्रबळगडाच्या बाजूने आभाळ भरून आले की दुपारी दोनलाही दिवा लावावा लागतो. दोन रविवार नुसते ढगाकडे बघण्यात गेले. तिसऱ्या रविवारी ऊन पडले.

पहिला मान कांद्याचा. कांदा उभा चिरून पाकळी मोडली की आतल्या बाजूने एक पातळ, पारदर्शक पापुद्रा सुटतो. तो काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा, टिंक्चर आयोडीनचा एक थेंब सोडायचा आणि वर पातळ काच ठेवायची. काच तिरपी धरून हळूच टेकवायची, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात आणि मुले त्यांनाच पेशी समजतात. आमच्याकडे पहिल्या पट्टीवर तेच झाले. एका मुलाने मोठ्या झोकात 'केंद्रक दिसले' म्हणून सांगितले, तो बुडबुडा निघाला.

दुसऱ्या पट्टीला मात्र सगळे गप्प झाले. विटांचे बांधकाम दिसावे तशा लांबट खोल्या, एकीला एक लागून. प्रत्येक खोलीत पिवळसर तपकिरी ठिपका, तोही मधोमध नव्हे, भिंतीला सरकलेला. तो ठिपका म्हणजे केंद्रक. भिंतीकडे का सरकला? कारण खोलीची मधली जागा पाण्याच्या भल्यामोठ्या पिशवीने अडवलेली असते. तिला रिक्तिका म्हणतात. नाव रिकामे, पण पिशवी भरलेली. पाणी, क्षार, साखर, सगळे तिच्यात. बाजारातली मेथीची जुडी मरगळते आणि भाजीवाली पाणी शिंपडते तेव्हा ती पुन्हा ताठ होते, ती या पिशव्या भरल्यामुळे.

खोली हा शब्द मी सहज वापरला नाही. इंग्रजीतल्या 'सेल' या शब्दाचा अर्थच लहान खोली. इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यांनी बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यांना मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले आणि १६६५ साली छापलेल्या ग्रंथात त्यांनी त्यांना 'सेल' म्हटले. मठातील साधूंच्या खोलीलाही इंग्रजीत हाच शब्द आहे. आपल्याला तो समजून घ्यायला लांब जायला नको. कर्जतजवळची कोंढाणे लेणी ज्यांनी पाहिली आहेत त्यांनी तेथील विहार आठवावा. मधे दालन आणि कडेने भिक्खूंच्या निवासाच्या छोट्या छोट्या खोल्या. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे काम. राहणारे निघून गेले, भिंती उरल्या. हूक यांच्या बुचाचेही तसेच होते. बूच म्हणजे मेलेली साल, आत जिवंत काही नाही. त्यांनी पाहिल्या त्या नुसत्या भिंती. आत राहणारा 'केंद्रक' हा गृहस्थ प्रत्येक पेशीत असतो हे ध्यानात यायला आणि त्याला नाव मिळायला १८३१ साल उजाडावे लागले. ते काम रॉबर्ट ब्राऊन यांचे. मधल्या काळात हॉलंडच्या लेवेनहूक यांनी स्वतः घासलेल्या भिंगांतून रक्तातल्या पेशी आणि सूक्ष्म जंतू पाहिले. हे लेवेनहूक कापडाचे दुकानदार होते, विद्यापीठाची पायरी चढलेले नव्हते. हे मी अभ्यासिकेतल्या मुलांना दोनदा सांगितले.

माझ्या मुलीची मात्र तक्रार होती. "हिरवे कुठे आहे? वहीत मी हिरवी हरितलवके काढलीत." प्रश्न बरोबर होता. कांदा जमिनीत वाढतो, त्याला ऊन लागत नाही, म्हणून त्याच्या पेशीत हिरवी लवके नसतात. पुस्तकातली आकृती सगळ्या वनस्पतींची सरासरी काढून केलेली असते, जशी आमच्या कचेरीत सरासरी हजेरी काढतात. त्या सरासरीएवढे दिवस भरलेला कामगार प्रत्यक्षात एकही नसतो. पुढच्या खेपेला तळ्यातल्या पाणवनस्पतीचे नाजूक पान आणले. त्यात हिरवे दाणे खच्चून भरलेले, आणि थोडा वेळ बघत राहिल्यावर ते दाणे पेशीच्या कडेकडेने हळूहळू सरकताना दिसले. तिथे मात्र मोठी माणसेही रांगेत उभी राहिली. हे दाणे ऊन, पाणी आणि हवा यांच्यापासून साखर बनवतात. लावणीच्या चिखलात कंबर मोडून जे भाताचे रोप आपण रोवतो, त्याच्या पानातल्या ह्या दाण्यांनी केलेली साखर दाण्यात साठते आणि ती आपल्या ताटात भात होऊन येते.

भिंतीचे महत्त्व माय-बहिणींना लगेच पटले, ते मिठामुळे. कांद्याच्या पापुद्र्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला तर आतला ऐवज आकसून भिंतीपासून सुटा होतो. भिंत जागच्या जागी राहते. मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटते, कैरीच्या फोडी रात्रभरात मऊ पडतात, ते याचमुळे. भिंतीच्या आत एक पातळ पडदा असतो. त्याला प्रद्रव्यपटल म्हणतात. हा पडदा पाण्याला सहज जाऊ देतो आणि बाकीच्यांची झडती घेतो. जिकडे क्षार जास्त तिकडे पाणी ओढले जाते. यालाच पुस्तकात परासरण म्हणतात.

मग पाळी आली आपल्या स्वतःच्या पेशींची. स्वच्छ काडीच्या बोथट टोकाने गालाच्या आतून हलकेच पुसायचे, ते काचपट्टीवर लावायचे आणि निळ्या रंगाचा थेंब टाकायचा. प्रत्येकाची काडी वेगळी, आणि वापरली की लगेच टाकून द्यायची. दिसते काय? वेड्यावाकड्या कडांचे पसरट तुकडे, एखाद्याची कड दुमडलेली, मधोमध गडद निळे केंद्रक. वीट नाही, रांग नाही, भिंतही नाही. नुसता तो पातळ पडदा. चौकोनी आणि गोल यातला फरक तो एवढाच. झाडाला हाडे नसतात, प्रत्येक पेशीची भिंतच त्याला उभे धरते. म्हणून झाड जागचे हलत नाही. आपल्याला हलायचे, वाकायचे, धावायचे असते. आपल्या पेशींना भिंत असती तर आपणही खांबासारखे उभे राहिलो असतो.

त्या दिवशी सात मुलांच्या सात काचपट्ट्या झाल्या. नावाच्या चिठ्ठ्या ओल्या होऊन सुटल्या आणि कोणाची कोणती ते काही केल्या ओळखता येईना. बसलेल्या एका आजी म्हणाल्या, "मग आमच्या गिरणीत कसं रं ओळखायचे?" त्यांचे यजमान मुंबईच्या गिरणीत होते. नव्या पिढीला हे सांगितले पाहिजे. कापडखात्यात धोट्यातले बॉबिन संपले की नव्या बॉबिनचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. 'यांची' थुंकी 'त्यांच्या' तोंडी लागू नये म्हणून आपल्या माणसांना त्या खात्यात शिरू देत नसत. पगार मात्र त्याच खात्यात जास्त. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. आणि तो धागा तरी काय? कापसाचा एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच लांबोडकी पेशी. बोंड फुटून वाळले की आतले सगळे सुकते, उरते ती पेशीभित्तिका. अंगातला सुती सदरा म्हणजे अशा लाखो भिंतींचे विणकाम.

बाकीची पेशीअंगके आमच्या जुन्या यंत्रातून दिसत नाहीत, हे मुलांना स्पष्ट सांगितले. त्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. रायबोसोमवर प्रथिने बनतात, आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्जी पिंड ती घडी घालून पाठवतात, लयकारिका केरकचरा काढते. एवढे परीक्षेला पुरे. तंतुकणिकेबद्दल मात्र एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. अन्नातून शक्ती काढणारी ही चूल आपल्याला केवळ आईकडून मिळते, बापाकडून नाही. हे ऐकून विहारातल्या बायका बऱ्याच वेळ हसत होत्या.

भिंत असणे-नसणे याचा आणखी एक उपयोग दवाखान्यात होतो. जंतूंनाही भिंत असते, जरी ती झाडांसारखी नसली तरी. पेनिसिलीन त्या भिंतीचे बांधकाम बिघडवते आणि जंतू फुटतो. आपल्या पेशींना भिंतच नाही, म्हणून तो मारा आपल्यावर बसत नाही. हेच औषध देशात बनवण्यासाठी १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. साधी सर्दी मात्र विषाणूंची. त्यांना पेशीही नाही नि भिंतही नाही. म्हणून सर्दीला केमिस्टकडून दोन गोळ्या मागून घेण्यात पैसे जातात, सर्दी आपल्या वेळेनेच जाते.

आता ज्या गोष्टीसाठी मी लेखणी उचलली तिच्याकडे येतो.

लॅबमध्ये काम करणारा आमच्यातलाच एक तरुण रक्ताच्या दोन तयार काचपट्ट्या घेऊन आला. विहारात कोणाला सुई टोचायची नाही हे आधीच ठरले होते. पहिल्या पट्टीवर गोल, गुलाबी पेशी. मधोमध फिकट, अंगठ्याने दाबलेल्या पेढ्यासारख्या. मुलांनी लगेच चूक काढली, "काका, यात केंद्रक कुठाय?" नाहीच. हाडातल्या मगजात ही पेशी तयार होते तेव्हा केंद्रक असते. रक्तात उतरण्यापूर्वी ती ते टाकून देते आणि सगळी जागा हिमोग्लोबिनला देते. त्याच्यावर प्राणवायूची वाहतूक चालते. केंद्रक नाही म्हणून तिला दुरुस्ती करता येत नाही, सुमारे १२० दिवसांत ती संपते. तिची रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट. तिच्याहून अरुंद केशवाहिनीतून ती अंग चोरून, वाकून पलीकडे जाते. भिंत नसण्याचा हा फायदा. तोटाही आहे. साध्या पाण्यात टाकली तर पाणी आत शिरून ती फुटते, म्हणून शिरेतून देण्याच्या सलाईनमध्ये १०० मिलिलिटरला ०.९ ग्रॅम मीठ असते.

दुसऱ्या पट्टीवर काही पेशी अशाच गोल, आणि काही लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या, वाकलेल्या. भातकापणीचा विळा ज्याने हातात धरला आहे त्याला आकार सांगावा लागत नाही. सिकल म्हणजे विळा, आणि या आजाराचे नाव सिकलसेल.

माझ्या पत्नीचे माहेर भंडारा जिल्ह्यातले. तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा लहानपणापासून आजारी. हातपाय सुजायचे, सांधे असे दुखायचे की पोर रात्रभर किंचाळायचे, डोळे पिवळे व्हायचे. कोणी कावीळ म्हटले, कोणी वात. गंडेदोरेही झाले, लपवून काय उपयोग? अनेक वर्षांनी नागपूरला कोणीतरी रक्ताची नीट तपासणी करायला सांगितले तेव्हा नाव कळले. आज तो गोळ्या घेतो, पाणी भरपूर पितो, दुखणे पूर्वीपेक्षा कमी आहे. पण ती मधली वर्षे परत आली नाहीत.

होते काय ते पेशीच्या भाषेत सांगतो. केंद्रकात ४६ गुणसूत्रे, २३ आईची नि २३ वडिलांची. त्यांच्यातल्या डीएनएच्या धाग्यावर चार अक्षरांत सगळा मजकूर लिहिलेला. हिमोग्लोबिनच्या मजकुरात एक अक्षर बदलले की त्याच्या साखळीतला सहावा मणी बदलतो. हे व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५० नंतरच्या दशकात शोधले. आम्हा कारकुनांना हे चटकन पटते. आकड्यातला एक अंक चुकला की अख्खे पगारपत्रक चुकते. प्राणवायू कमी पडला की हे बदललेले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून ताठ काड्या होतात आणि पेशीला आतून वाकवतात. वाकलेल्या पेशी बारीक नळ्यांत अडकतात, म्हणून त्या वेदना. आणि १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच फुटतात. अंगावर रक्त नसणे आणि डोळ्यांचा पिवळेपणा हा त्याचाच परिणाम.

चुकीचा मजकूर आई आणि वडील दोघांकडून आला तरच हा आजार होतो. त्याला कागदावर 'एसएस' लिहितात. एकाकडूनच आला तर 'एएस', म्हणजे वाहक. तो सर्वसाधारणपणे निरोगी असतो, कष्टाची कामे करतो, त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. 'पहिले आजारी झाले, आता पुढची तीन चांगली' असा हिशेब कोणी करू नये, प्रत्येक खेपेला नाणे नव्याने उडते. वाहक आणि निरोगी यांचे लग्न झाले तर हा आजार मुलांत येत नाही.

हा दोष कोणाच्या पापाचा नाही की कोण्या जातीचा डाग नाही. जिथे पिढ्यानपिढ्या हिवतापाचा कहर होता तिथे वाहक माणसे हिवतापातून जास्त वाचली, म्हणून तो टिकला. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, आपल्याकडे भिल्ल, पावरा, गोंड, माडिया या आदिवासींत आहे, आणि विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजातही आहे. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी या आजारावर दीर्घकाळ काम केले, त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. नागपूरचे संपत रामटेके डॉक्टर नव्हते. मुलाच्या आजारपणातून ते या कामात पडले आणि रुग्णांच्या हक्कांसाठी झटत राहिले. त्यांना २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हे रुग्णांच्या घरच्यांनी लक्षात ठेवावे. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या माणसांची तपासणी आहे. तिचा भर आदिवासी भागावर आहे. आपल्या रसायनी-पाताळगंगेच्या पट्ट्यात नोकरीसाठी आलेली नागपूर-भंडाऱ्याकडची कुटुंबे आहेत, त्यांच्या दारी कोणी येईलच असे नाही. त्यांनी सरकारी रुग्णालयात स्वतः जाऊन विचारावे. पहिली चाचणी एका थेंबाची. द्रावण गढूळ झाले तर दोष आहे. पण वाहक की रुग्ण, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी दुसरी तपासणी लागते, ती चुकवू नये.

भाच्याचे निदान झाल्यावर आम्हीही तपासणी केली. मी निरोगी, पत्नी वाहक. मुलगा निरोगी, मुलगी वाहक. त्या रविवारी दुसऱ्या पट्टीवरून डोळा काढून तिने मला हळूच विचारले, "माझ्या पण अशाच दिसतील?" मी म्हटले, नाही, तुझ्या गोलच दिसतील. हा लेख लिहिताना तिला विचारले, तुझे लिहू का? ती म्हणाली, "लिहा पप्पा. पण वाहक म्हणजे आजारी नाही, हे आधी लिहा." आधी लिहिले आहे.

वधू-वर मेळाव्याचे परिचयपत्रक छापण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे असते. उंची, रंग, शिक्षण, नोकरी, मामाचे गाव, असे रकाने. यंदा मी एक वाढवला, 'सिकलसेल तपासणी'. दोघा-तिघा ज्येष्ठांनी नापसंती दाखवली. मुलीच्या पत्रकावर 'वाहक' लिहिले तर तिला कोण विचारील, हे त्यांचे म्हणणे. भीती खोटी नाही. म्हणून तडजोड अशी झाली की रकान्यात निकाल लिहायचा नाही, तपासणी झाली आहे की नाही एवढेच लिहायचे. निकाल दोन्हीकडच्या मंडळींनी समोरासमोर बसून पाहायचा, आणि मुलाचाही पाहायचा, नुसता मुलीचा नव्हे. आतापर्यंत आलेल्या बावीस पत्रकांपैकी पाचांत तो रकाना भरलेला आहे. त्यात तीन मुली, दोन मुलगे.